शेल्टरचं दार

मी दोष मोठ्याने वाचले. पुढे जे झालं ते तिथून सुरू झालं, म्हणून आधी तेच लिहितो.

कन्हानच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, जुन्या गाड्या फोडणाऱ्याचं एक आवार आहे. एप्रिलची दुपार होती. एका बाजूला गॅस कटरने बसचा सांगाडा कापणं चालू होतं. तुकडा सुटून पडला की पायाखालची जमीन हादरायची. मध्यभागी विटांच्या थप्प्यांवर दोन लष्करी शेल्टर ठेवलेली होती. सैन्याच्या ट्रकवर मागे जी बंद, हिरवी खोली असते, ती शेल्टर. आत वायरलेसचं सामान असतं, नाहीतर दुरुस्तीचं वर्कशॉप. ट्रक निकामी झाला की ही खोली उतरवतात आणि ती लिलावात निघते. आतबाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये फोम, खाली लोखंडी फ्रेम आणि मागे एकच जाड दार.

मला त्यात प्रयोगशाळा करायची होती. माझं माती आणि पाणी तपासण्याचं छोटं काम आहे. संत्र्याच्या बागांचे मालक बसने येतात, पिशवीत माती आणतात, आणि ती बहुतेक वेळा धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, हाताला लागेल तिथून उकरलेली असते. तिच्यात काय तपासणार? आपणच बागेत जावं, असं दोन वर्षं मनात होतं. गाडी मिळाली होती, खोली हवी होती.

मी काटोल तालुक्यातल्या गावात शाळा शिकलो. वडील फळबाजारात हमाल. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि तो झालो माझ्या मामांमुळे. मामाजी कन्हानला ट्रकच्या बॉड्या वेल्डिंग करतात. मी नागपुरात रसायनशास्त्र शिकलो ती तिन्ही वर्षं त्यांच्या उजव्या हाताने ओढली. त्या हातावर मनगटापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते. वेल्डिंगचा होल्डर त्यांनी मला कधी धरू दिला नाही. "तुह्या हाताले दुसरं काम आहे," म्हणायचे.

त्या दिवशी येताना मोटरसायकलवर त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. आवारात दुसरं गिऱ्हाईक उभं असताना मालाचं वाईट बोलायचं नाही. या धंद्यात ते शिवी दिल्यासारखं आहे. माल पटला नाही तर "घरी विचारतो" म्हणायचं आणि निघायचं. दोष सांगायचाच असेल तर मालकाला बाजूला घेऊन, चहा पिता पिता.

"समजलं न गा?"

"समजलं, मामाजी."

ते छोटी हातोडी घेऊन शेल्टरभोवती फिरले. पत्र्यावर ठोकत गेले. फोम धरून असेल तिथे आवाज टणक यायचा, सुटलेला असेल तिथे भद्द. मीही शेजारचं बोटांनी ठोकून पाहिलं, तिथेही भद्द. मग ते थप्प्यांमधून खाली सरपटले. मागच्या डाव्या कोपऱ्यात रंग जरा जास्तच ताजा होता. त्यांनी पेचकसने, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने, तो खरवडला. आत लांबी, भोकं बुजवायची पुट्टी, भरलेली. पेचकस दाबला तर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आली तपकिरी भुकटी. फ्रेम कुजली होती. ते बाहेर आले, पँट झटकली, चेहऱ्यावर काही नाही.

"आत जा, दार ओढून घे. उजेड कुठून येते, पाह्य."

मी आत गेलो. दार ओढताच आतली गरमी तोंडावर बसली. जुन्या ऑइलचा आणि जळक्या रबराचा वास होता. डोळे सरावले तसे छतात तीन ठिपके दिसले आणि डाव्या कोपऱ्यात वीतभर उजेडाची फट. मी सगळं अंदाजाने वहीत लिहिलं. दोनच मिनिटं झाली असतील, शर्ट पाठीला चिकटला होता.

बाहेर आलो तर मामाजी शेल्टरच्या मागे हात धूत होते. आवाराचा मालक कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर होता आणि त्याच्या शेजारी एक जाडजूड केटरिंगवाला. त्याला शेजारचं शेल्टर फिरत्या स्वयंपाकघरासाठी हवं होतं आणि सकाळीच तो विसार देऊन बसला होता. त्याचा टेम्पो गेटाजवळ उभा होता.

"काय मास्तर, लय लिहून राहिले," मालक म्हणाला. "पेपर होता का आत? वाचा न, आम्हालेबी कळू द्या."

मामाजी त्याच्या मागे येऊन नको म्हणून मान हलवत होते. मला ते दिसलं. तरी मी वाचलं. मला विचारलं होतं, आणि प्रयोगशाळेत कुणी विचारलं की मी वाचून दाखवतो, असं मी नंतर खूपदा स्वतःला सांगितलं. पण त्यात तोराही होता. शिकलेल्या माणसाला फसवता येत नाही, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला दाखवायचं होतं.

"मागचा डावा कोपरा, फ्रेम कुजलेली, लांबी भरून वरून रंग," मी म्हणालो. "छताला तीन भोकं. उजव्या बाजूचा फोम सुटलेला." आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "शेजारच्यातही तसंच आहे. मी ठोकून पाहिलं."

केटरिंगवाला हळूच उठला.

"का बे? सकाळी तू काय बोलला मले? नव्यासारखं आहे म्हने?"

"अबे, ह्या पोट्ट्याचं काय ऐकते तू?"

"माहा विसार काढ."

"बस खाली."

"काढ म्हणतो न!"

त्याने मालकाला कॉलर धरून उचललं. खुर्चीचा पाय तुटला. मालकाने त्याच्या नाकावर डोकं हाणलं, आणि केटरिंगवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार आली. आवारातला क्रेनवाला कुठून आला मी पाहिलं नाही. त्याच्या हातात गाडी ओढायची साखळी होती, ती त्याने केटरिंगवाल्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून शिव्या देत राहिला. बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत वाहत होतं. शेजारी बसचा आणखी एक तुकडा कापून पडला. कटरवाल्याला काही कळलंच नव्हतं.

मी शेल्टरच्या लोखंडी पायरीवर उभा होतो. उतरून पळायला हवं होतं. मी मागे, आत सरकलो.

मालक माझ्याकडे आला. त्याचा ओठ फाटला होता.

"भोकं मोजाची आहेत न तुले? मोज. संध्याकाळपावतर मोज."

त्याने माझ्या छातीत लाथ घातली. मी पाठीवर आत पडलो. त्या दाराला बाहेरून लांब दांडा असतो, तो फिरवला की वर-खाली दोन्हीकडे खिटी बसते. आतून उघडायचा दांडा तुटलेला होता, तेही मी वहीत लिहिलं होतं. त्या पत्र्याच्या डब्यात, एप्रिलच्या दुपारी, माणूस किती वेळ टिकला असता? मला माहीत होतं. मामाजींनाही माहीत होतं.

दार आलं, पण अंधार पूर्ण झाला नाही. फटीत उजेडाची एक पट्टी राहिली आणि त्या पट्टीत चार बोटं होती. पांढरे डाग असलेली.

मामाजींनी हात घातला होता.

दाराने ती बोटं चेपली तेव्हा भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा आवाज झाला. पहिल्यांदा मालकाला हात दिसला नसेल, असं मी आजही मानायला तयार आहे. मग दार थोडं उघडलं. हात तिथेच होता. त्याने तो पाहिला आणि अंगाचा सगळा भार टाकून दार पुन्हा आपटलं.

"मामाजी, हात काढा!" मी ओरडलो.

"तू लाथ मार गा. लाथ मार."

ते ओरडत नव्हते, कामावर सांगतात तसं सांगत होते. मी पाठीवर पडल्या पडल्या दोन्ही पाय दारावर मारले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार सुटलं आणि मालकाच्या तोंडावर बसलं. मी बाहेर पडलो. मामाजी पायरीजवळ बसले होते, उजवा हात डाव्या हातात धरून. दोन बोटं कुठल्या कुठे वळली होती. त्यांची हातोडी विटांवर पडलेली होती.

ती मी उचलली. मालक उठत होता. पहिला घाव खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला मुठीत कळलं. तो खाली गेला. तो खाली असताना मी दुसरा घाव घातला, आणि तिसरा, पाठीत. पहिला घाव मामाजींसाठी होता, असं म्हणता येईल. पुढचे दोन कुणासाठी होते, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. तेव्हा मला राग आला होता, असंही म्हणता येणार नाही. घाव कुठे बसतो आहे ते मला स्वच्छ दिसत होतं. हातात हलकं, बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मी विसरू शकत नाही.

"बस! बस न गा!"

मामाजींनी डाव्या हाताने माझी कॉलर मागून ओढली. चौथा घाव हवेत गेला.

क्रेनवाल्याने साखळी टाकली. कटर बंद झाला. एवढ्या गाड्यांच्या आवारात चालू स्थितीतली मोठी गाडी एकच निघाली, केटरिंगवाल्याचा टेम्पो. डोक्याला गमछा बांधून तोच चालवायला बसला. मामाजी पुढे. मागे, मोठमोठ्या पातेल्यांमध्ये, मी आणि मालक. तो कण्हत होता, मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. गाडी खड्ड्यात गेली की पातेली वाजायची आणि तो मला आईवरून शिव्या द्यायचा. केटरिंगवाला पुढून ओरडायचा, "चूप बस बे, नाहीतर नदीत टाकीन तुले!"

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात त्या तिघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. मामाजी, मग मालक, मग केटरिंगवाला. डॉक्टर बाई तरुण होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं.

"दारात सापडला," मामाजी म्हणाले.

"पडलो," मालक म्हणाला.

"माह्यावर पंखा पडला," केटरिंगवाला म्हणाला. डोक्यात टाके पडत असताना त्याला हसू आलं आणि मग तो कळवळला.

"तिघंही एकाच ठिकाणी?" बाईंनी विचारलं.

पोलीस चौकीतला शिपाई आला. त्यालाही तिघांनी तेच सांगितलं. मालकाला आवारात चौकशी नको होती. केटरिंगवाल्याला विसार परत हवा होता, तो गुन्हा नोंदवून मिळत नसतो. मामाजींना मी हवा होतो, बाहेर, मोकळा. शिपाई माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं तेव्हा मामाजींनी खाटेवरूनच माझ्या नडगीवर लाथ घातली. सुई लावलेला हात वर धरून, पूर्ण ताकदीने.

"हा पोट्टा नंतर आला," ते म्हणाले. "याले काहीच माहीत नाही."

माझ्यासाठी एवढं केलेल्या माणसाला मी तिथे खोटं ठरवू शकलो नाही. ते बरोबर होतं, असं मात्र मला अजून वाटत नाही.

संध्याकाळी त्यांना आत नेलं. दोन बोटं वाचणार नाहीत, हे बाईंनी मला बाहेर येऊन सांगितलं. तर्जनी आणि मधलं, मधल्या पेरापासून. अंगठा ठीक होता. "काम काय करतात?" त्यांनी विचारलं. "वेल्डर आहेत," मी म्हणालो.

शुद्धीवर आल्यावर मामाजींनी पट्टी पाहिली. मग मला विचारलं, "त्याले किती लागलं?"

"हाड मोडलं."

"पहिल्यानंच मोडलं होतं. मग काहून मारत राहिला?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी कधी रागाने बोलले नव्हते. ती रात्र आणि पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

शेल्टर घेतलं नाही. गाडीला ताडपत्री घालून मी बागांवर जातो.

जखम भरल्यावर मामाजींनी चामडी हातमोज्याची दोन बोटं कापली आणि तोंडं मामीकडून शिवून घेतली. मी त्या सकाळी मुद्दाम कन्हानला गेलो. ट्रकच्या फाळक्याचा, मागच्या झडपेचा, जोड होता, एरवी त्यांच्या हातून बोलता बोलता होणारा. त्यांनी अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत होल्डर धरला. रॉड टेकला, पेटला, आणि हातातून निसटून पायापाशी पडला. पुन्हा धरला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी होल्डर पत्र्यावर फेकला, मग लाथेने स्टूल उडवलं, मग त्याच हाताने फाळक्यावर बुक्की मारली आणि वेदनेने जागच्या जागी वाकले. मी पुढे झालो.

"मी धरू का, मामाजी?"

"हात लावशील तर पाह्य."

त्यांनी होल्डर उचलला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि दातांनी ओढून होल्डर पंजाला घट्ट बांधून घेतला. काच डोळ्यांवर ओढली. या वेळी ठिणगी टिकली. रॉड संपेपर्यंत टिकली. त्यांनी डाव्या हाताने जोडावरची काळी खपली ठोकून काढली. जोड वाकडा होता, मध्ये दोन जागी तुटलेला. त्यांनी तो ग्राइंडरने पूर्ण कापून टाकला आणि नवा रॉड लावायला लागले. पंजाला बांधलेली ट्यूब रक्ताने ओली झाली होती.

"उभा काहून आहे?" माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "बागेवर लोक थांबले असतील न. जा."

मी गाडी सुरू केली. निघालो तेव्हा मागे पुन्हा चरचर सुरू झाली होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती.