चौथीपर्यंतचा शब्द

कृष्णाबाई मुलींना वरच्या वर्गात घालायला परीक्षेची वाट पाहत नसत. आमची भवानी पेठेतली मुलींची शाळा म्हणजे एक लांबट खोली. पहिली ते चौथीचे वर्ग चार तरटांवर बसायचे आणि चारही वर्गांना मिळून बाई एकट्याच. एखादीला धडा येऊ लागला की दंडाला धरून तिला पुढच्या तरटावर नेऊन सोडायच्या. "येतंय तेच किती घोकायचं? चल, फुडं सरक!" मला मात्र त्यांनी कधी सरकवलं नाही. मी ढ होते, आणि हे मी अगदी अभिमानानं सांगते; कारण पुढं कळेलच.

तीस साली गावात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची ही गोष्ट. नरसू शाळेत आली तेव्हा सहा वर्षांची असेल. बाप रामय्या हातमागावर लुगडी विणायचा. घरात सगळं तेलुगू. मराठी ती शाळेतच शिकली, आणि दिवाळीपर्यंत आमचंच मराठी आम्हाला दुरुस्त करून सांगू लागली. तिला शाळेत आणायला बाईंनी रामय्याच्या दारी किती खेटे घातले होते! त्यांच्यात मुलगी मामाला द्यायची रीत, आणि होटगीला रेल्वेत लागलेला मामा घाई करत होता. शेवटी रामय्या म्हणाला, "चौथी हुईपर्यंत लगीन न्हाय लावत, बाई. शब्द हाय माजा." बाई खुशीत परतल्या. चार-पाच वर्षं तर मिळाली, पुढचं पुढं बघू, असा त्यांचा हिशेब.

पण हाताची सवय जाते कुठं! दीड वर्षात बाईंनी नरसूला सरकवत सरकवत चौथीत माझ्या शेजारी आणून बसवलं. मी अकरा वर्षांची घोडी, ती आठवं लागलेलं पिल्लू. बाईंना तिचं इतकं कौतुक की चौथी म्हणजे काय ते त्या विसरूनच गेल्या. आठवण रामय्यानंच करून दिली. एका दुपारी दारात येऊन तो हसत म्हणाला, "औंदाच चौथी की, बाई! मामाला कळवलंय. परीक्षा झाली की बार उडवून टाकू." बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

मग त्या नरसूसाठी शाळा शोधत गावभर फिरल्या. सोबत म्हणून मला न्यायच्या. मुलांच्या हायस्कुलातले हेडमास्तर नरसूकडे बघून हसले. "बाई, ही पोरांच्या पायाखाली येईल. चार वर्षांनी आणा." मिशनच्या शाळेत घेत होते, तर रामय्यानं हात जोडले. "तितं नको. जातीत मला कोन उभं करंल?" पुण्याच्या वसतिगृहाला बारा वर्षांच्या आतली मुलगी चालत नव्हती. घरी परतताना बाई चिडून म्हणायच्या, "बुद्धी लवकर आली, ह्यात पोरीचा काय गुन्हा?" मी त्यांची पिशवी धरून मागून चालायची.

शाळा तपासणारे डिपोटी साहेब परीक्षा घ्यायला यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी आम्हा दोघींना थांबवलं.

"नरसू, उद्या सायेब विचारतील त्याला येत न्हाय म्हणायचं."

"पन येतंय की मला!"

"येऊ दे. नापास झालीस तर अजून एक वर्ष हितं बसायला मिळंल."

नरसूनं मान डोलावली. बाईंनी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. आयुष्यभर मुलींना बोलतं करणाऱ्या त्या बाईला असं सांगावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं त्या प्रत्येक प्रश्नाला नरसू ओठ आवळून म्हणाली, "येत न्हाय." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग साहेब माझ्याकडे वळले आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, म्हणायला सांगितला. मी सातापर्यंत गेले, म्हणजे दुसऱ्याच पायरीवर अडकले. शेजारी नरसूची नुसती चुळबुळ. तिनं तोंडावर हात दाबला, डोळे मिटले, आणि शेवटी तिला राहवेना. "साडेदहा!" ती ओरडली, आणि शेवटपर्यंत अख्खी औटकी धडाधड म्हणून मोकळी झाली. साहेब खूश! त्यांनी सगळंच पुन्हा विचारलं. तिला सगळंच आलं. "मघाशी घाबरली होती वाटतं. बाई, रत्न आहे हो तुमच्या शाळेत." बाई म्हणाल्या, "होय, साहेब."

नरसू पास झाली, मी नापास. मला आणखी एक वर्ष शाळा मिळाली, बाईंनी माझ्यावर जीव तोडून मेहनत घेतली, आणि पुढं मी मास्तरीण झाले. ढ होते म्हणून माझी शाळा राहिली आणि हुशार होती म्हणून तिची गेली. या न्यायाला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

बाई पुन्हा रामय्याकडे गेल्या. "लई लहान हाय रे ती."

"चौथीत तुमीच घातली की, बाई. थांबलो का न्हाय मी? शब्द मोडला का?"

मोडला नव्हता. बाई तशाच परत आल्या.

लग्नाला त्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. बाई विधवा, म्हणून मांडवात न जाता बाहेरच उभ्या राहिल्या, मी त्यांच्याजवळ. हळदीनं पिवळी झालेली नरसू पाटावर पेंगत होती. मान वर केली तर समोर बाई. वर्गात उठायची तशी ती ताडकन उठून उभी राहिली, हात जोडून. बायका हसायला लागल्या, कुणी तिला खाली ओढू लागलं. पण ती बाईंकडे बघत उभीच.

"बस, बाळा," बाई म्हणाल्या. "बस आता."

ती लगेच बसली. बाईंचं तिनं एकदाच ऐकलं नव्हतं.