यांची गाठ आणि पाटकरांच्या चपला

धुळ्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. भुताखेतांची कितीतरी पुस्तकं हाताखालून गेली, एकही घरी नेलं नाही. भीती वाटायची म्हणून नव्हे... पटायचंच नाही. आजही पटत नाही, असंच लिहिणार होते. पण मग पाटकरांच्या चपलांचं काय करू?

माझे यजमान यावलचे, केळीच्या मळ्यात वाढलेले. वाऱ्यात पहिली आडवी होते ती केळ, त्यामुळे बांधून ठेवण्याची सवय यांच्या हाडात मुरलेली. गॅसचं सिलिंडर, छत्री, सूटकेस – सगळ्याला सुतळी. देवळाबाहेर चपला काढल्या तरी जोडी एकमेकींना बांधून वर खांबाला गाठ! "अहो, लोक बघतायत," मी म्हणायचे. उत्तर ठरलेलं – "बांधेल वस्तू कुठी जात नाही."

ती गाठ अडतीस वर्षांत मला सुटली नाही. मी सरळ कात्री घ्यायचे. मग दुसऱ्या खोलीतून आवाज, "अवं, कापू नको! शेपूट ओढ ना, शेपूट!" कुठलं शेपूट, हे मी कधी विचारलं नाही. त्यासाठी पुस्तकातून मान वर करावी लागली असती.

मुलगी मीनल समुद्रकाठच्या शहरात राहते. मागच्या वर्षी यांनी तिच्या सोसायटीच्या गच्चीवर, एका ड्रममध्ये, यावलहून नेलेला केळीचा कंद लावला. यंदा हे गेले. यांची बांधलेली सूटकेस धुळ्यात कपाटावर तशीच राहिली, ती सुतळी कापायचा मला धीर होईना. तीन महिन्यांनी मीनलकडे गेले, तर केळ नुकतीच निसवली होती... घड बाहेर पडला होता. रोज सकाळी मी चहा घेऊन तिच्याजवळ बसायचे. यांच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

आणि चक्रीवादळाचा इशारा आला. कुंड्या खाली नेल्या, काचांना चिकटपट्ट्या लावल्या, बादल्या भरल्या. सेक्रेटरी पाटकर गळ्यात शिट्टी घालून यादीवर बरोबरच्या खुणा करत फिरत होते.

"मावशी, केळ तोडावी लागेल. उडून कुणाच्या गाडीवर पडली तर?"

"ती लिफ्टमधून खाली नेऊ."

मोजून पाहिलं. बसत नव्हती.

"बरं, बांधा मग. पण बारा वाजता गच्चीला कुलूप!"

मी पिवळी नायलॉनची दोरी घेतली आणि पुस्तकांचा गठ्ठा बांधतात तशी बांधली, वर फुलासारखी सुरगाठ. पाटकर चपला काढून टाकीवर चढले होते, झाकण आवळत होते. तिथून हसले, "मावशी, वाढदिवसाचा केक आहे का?"

तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की पाटकर टाकीवरून उतरले की पडले, कळलं नाही. मला ओढत आत नेलं, कुलूप घातलं. जिन्यात लक्षात आलं – पाय अनवाणी.

"नव्या होत्या हो! बायकोने दिलेल्या!"

"मग उघडा कुलूप."

"मावशी, जीव मोठा की चपला?" म्हणाले, पण जरा विचार करूनच.

दुपारभर वादळ इमारतीला हलवून गेलं. मीनल म्हणाली, "आई, दुसरी लावू." मी हो म्हटलं. दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

सकाळी पाटकरांनी कमरेच्या किल्लीने कुलूप काढलं. टाक्यांची झाकणं गेली होती, डिश अँटेना नव्हती, पत्र्याची शेड शेजारच्या बिल्डिंगवर होती. आणि केळ उभी होती! पानांच्या चिंध्या झालेल्या, पण घडासकट उभी. माझी सुरगाठ कुठेच नव्हती. तीच पिवळी दोरी शेंड्याखालून तीन बाजूंना, कठड्याच्या गजांना ताणून बांधलेली.

"आई... तू?" मीनल म्हणाली.

"मी तुझ्याशेजारीच होते ना."

"वॉचमन असेल," पाटकर म्हणाले. वॉचमन म्हणाला, "साहेब, किल्ली तुमच्याकडे." मग पाटकर एकदम ओरडले, "माझ्या चपला!"

पाण्याच्या पाइपला होत्या. जोडी एकमेकींना बांधून, वर गाठ.

पाटकर कात्री आणायला निघाले. मी म्हटलं, "थांबा." चष्मा लावला, ओल्या गच्चीवर मांडी घातली. गाठीच्या पोटाखाली दोरीचं एक इवलंसं टोक दुमडून ठेवलेलं होतं. ओढलं. सगळी गाठ एका दमात सुटली.

पाटकरांनी चपला घातल्या, केळीला हळूच नमस्कार केला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मावशी, पुढच्या वेळी माझी स्कूटरपण सांगून ठेवा ना."

धुळ्याला परतल्यावर जुन्या ग्रंथालयात जाऊन दोर आणि गाठींवरची पुस्तकं शोधली. तीन मिळाली. वाऱ्याने दोरी गुंतते, असं तिन्हींत आहे. वारा चपलांची जोडी लावतो, असं एकातही नाही.

परवा कपाटावरून यांची सूटकेस खाली काढली. कात्री लागली नाही.