‘ही’ आणि ‘दे’

अमरावतीच्या कापूस बाजारात तपासणीला नवा साहेब आला आणि त्याचा दुभाषा म्हणून चिंतामण रुजू झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, वामनरावांनी, आळीभर पेढे वाटले. भिक्षुकाचं पोर साहेबाच्या शेजारी उभं राहतं म्हणजे काय चेष्टा आहे! तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. इंग्रजी जाणणारा माणूस मात्र दिवा घेऊन शोधला तरी सापडत नव्हता. चिंतामणला ती येत होती. म्हणजे, बरीचशी येत होती.

ती त्याला आली सहदेवाच्या बैलगाडीमुळे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे चिंतामण ते सोयीस्कर विसरला. दोघं चांदूरकडच्या एकाच गावचे, लहानपणापासूनचे सोबती. सहदेव शेतकऱ्याचा पोरगा, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून. बाजाराच्या दिवशी तो गाडी घेऊन अमरावतीला निघाला की चिंतामण मागे चढायचा. राजापेठेच्या अंगाला पलटणीतला एक म्हातारा पेन्शनर कारकून राहायचा, तो शिकवायचा. परतताना चिंतामण गाडीत धडा घोकायचा आणि सहदेव बैल हाकता हाकता त्याची टर उडवायचा.

“एक पुरुष असला तर ‘ही’, अनेक असले तर ‘दे’,” चिंतामण सांगायचा.

“बाप्या मानसाले ‘ही’? अन चार जन दिसले का भीक मागाची, ‘दे’?” सहदेवाला हसू आवरायचं नाही. “अन मानाचा मानूस असन तं?”

“तरी ‘ही’च. मी मास्तरांना विचारलं, वडिलांना काय म्हणायचं? ते म्हणाले, तुला वडील किती? एकच ना? मग ‘ही’.”

“म्हंजे पाटलाले अन मले एकच शब्द! बेस हाय गड्या तुही इंग्रजी.”

‘टू’ची तर आणखीच गंमत. टू गो, टू कम, टू टेक. जायला, यायला, घ्यायला. ‘टू’ लागला की क्रियापद कोणासाठीही बदलत नाही. तिथे ना एक ना अनेक, ना बाई ना पुरुष.

“मंग करनारा कोन, थे सांगाचं कामच नाई?”

“नाही.”

“वा रे वा! चोरायसाठी केली काय हे भाषा?”

नियम पाठ होते हो, पण जीभ कुठे ऐकते! जिनं जन्मभर ‘वडील आले’, ‘शास्त्रीबुवा बसले’ म्हटलं, ती वडीलधाऱ्या माणसाला ‘ही’ म्हणायला धजेना. नोकरीला लागल्या लागल्या चिंतामणनं एका शेठजींबद्दल साहेबाला ‘दे हॅव कम’ असं सांगितलं. साहेबानं खुर्च्यांची रांग मांडायला लावली आणि आत आले एकटे शेठजी. बाजारभर हसं झालं. साहेब कडाडला, पुन्हा ही चूक केलीस तर पळी-पंचपात्र घेऊन घरी बस. चिंतामणच्या पोटात तो धाक बसला तो बसलाच.

त्याच हंगामात कापसावर पाणी मारून वजन वाढवायचा धंदा माजला होता. सापडेल त्याला तुरुंग, असं साहेबानं ठरवलं. आणि सापडावी कोणाची गाडी? सहदेवाच्या थोरल्या भावाची, शेषरावाची! साहेबानं कापसात खोल हात घातला, तो ओला बाहेर आला. शेषराव गर्दीतून पसार झाला. गाडीपाशी उरली त्याची बायको, सत्यभामा. सहदेव त्या दिवशी आलाच नव्हता. त्याची आई, पार्वताबाई, शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती आणि तो तिच्या उशाशी बसून होता.

सत्यभामा हात जोडून बोलली, “मायबाप, म्या नाई केलं. घरच्यायनं पानी मारलं. वजन भारी भरते म्हने.”

नवऱ्याचं नाव कोणती बाई घेईल? ‘घरचे’ म्हणजे नवरा, एकटा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बाई मानानं बोलली आणि चिंतामणची जीभ त्याच मानानं वळली. “दे,” तो म्हणाला. “दे पुट वॉटर.”

“कशासाठी?” साहेबानं विचारलं.

“टू मेक इट हेवी.”

“शाबास! आज इंग्रजी शुद्ध आहे तुझी. यांच्या घरात पुरुष किती?”

“टू,” चिंतामण म्हणाला. हा ‘टू’ दोनाचा; बाप मागेच वारलेला, उरले शेषराव आणि सहदेव.

“मग दोघांनाही पकडा.”

चुकलो साहेब, ‘दे’ नव्हे, ‘ही’. एवढंच म्हणायचं होतं. पण चुकलो म्हणायचं म्हणजे नोकरी गेली, वडिलांची मान खाली गेली. सत्यभामा त्याच्या तोंडाकडे आशेनं पाहत होती आणि मेल्याची दातखीळ बसली! सहदेव काय, शब्दांचा गोंधळ झाला म्हणून सुटेल पुढे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. सुटतो कसला! साहेबाच्या शब्दापुढे कोणाचं चाललं? दोघे भाऊ अकोल्याच्या तुरुंगात खडी फोडायला गेले. शेषरावानं निदान गुन्हा केला होता. सहदेवानं काय केलं होतं? आईचे पाय चेपले होते.

पार्वताबाई पेरणीच्या आधीच गेली. दोन मुलगे असलेल्या बाईला भावकीतल्या कोणीतरी अग्नी दिला.

सुटल्यावर सहदेव थेट कापूस बाजारात आला. चिंतामण धडपडत उठला. ‘तू’ म्हणायची छाती नव्हती आणि ‘तुम्ही’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. “बसायचं ना?” तो पुटपुटला. “पाणी घ्यायचं?”

“बसाचं, घ्याचं,” सहदेव म्हणाला. “करनाऱ्याचं नावच नाई. टू सिट, टू ड्रिंक. बराबर हाय ना?”

चिंतामणनं पाण्याचा तांब्या पुढे केला, सहदेवानं तो बाजूला सारला.

“वहिनी सांगे, तू साहेबाले ‘दे, दे’ म्हनत होता. बिचारीले वाटलं, सोडून दे म्हनून राहिला. मले मातर ‘दे’ समजते, चिंतामण. माह्याच गाडीत शिकला तू.”

“सहदेवा, माझी चूक...”

“माही माय जळली, तवा तिले आग द्याले ना ‘ही’ होता, ना ‘दे’.”