गुरुवारची भाजी

मोठा चित्रकार आपल्या चित्रापासून दूर जाऊन त्याच्याकडे पाहतो, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. आमचा पेंटर तर ब्रशचे चार फटकारे मारले की थेट मुंबई-पुणे रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, मान कलती करायचा, डोळे बारीक करायचा आणि बराच वेळ तसाच उभा राहायचा. त्याच्या आणि चित्राच्या मधून ट्रक जायचे. त्याला त्यांची दखलही नसायची. ही साधना पाहून मी काही महिने भारावून गेलो होतो. मग कळलं, की पलीकडे चहाची टपरी होती आणि चहा उकळेपर्यंत त्याला दुसरं काही काम नसायचं.

पण पाहायचा तो खरा. शेजारी उभं राहून कोणी चित्राचा अर्थ विचारला, की म्हणायचा, “अर्थ कशाला? नुस्तं बघा की, राव.”

नाव मला माहीत होतं. पण त्याने ते कुठल्याच भिंतीवर लिहिलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

तो मूळचा मावळातला. तरुणपणी पुण्यात सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे होता. नायक-नायिकांचे चेहरे उस्ताद स्वतः रंगवायचे. याच्या वाट्याला कान आणि शर्टाची कॉलर यायची. एकेक कान दीड पुरुष उंच. “मानसाचा कान कुनी रोज बघतं का?” तो मला म्हणाला होता. “पर दीड पुरुस केला, की रस्त्यानं जानारा थांबतो.” त्याचं सगळं कलाशास्त्र या दोन वाक्यांत संपत होतं. मी याहून जाड ग्रंथ वाचलेत, त्यांत याहून जास्त काही सापडलं नाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. पिंपरी-चिंचवडला ज्वारीच्या रानातून कारखान्यांचे पत्रे वर येत होते. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि पाटी झाल्यावर जी भिंत उरेल तिच्यावर, कोणी सांगितलेलं नसताना, काहीतरी भलंमोठं काढून ठेवायचा. गिरणीच्या भिंतीवर खोलीएवढी काड्यापेटी. सलूनच्या मागच्या बाजूला दाढीचं पातं, गाईएवढं. गॅरेजवर चहाचा ग्लास, त्यात वरून खाली लोंबणारी साय. पहाटे पवनेकडून धुकं यायचं, तेव्हा भिंती दिसेनाशा व्हायच्या आणि या वस्तू तेवढ्या हवेत तरंगत राहायच्या. रात्रपाळी संपवून येणारे लोक, अर्धे झोपेत, त्या ग्लासाखालून चालत जायचे. मी एकाला वर बघून फुंकर मारताना पाहिलंय.

मी तेव्हा एका कारखान्यात वेल्फेअर खात्यात क्लार्क होतो. कामगारांचं कल्याण माझ्या टेबलावर अर्जांच्या रूपाने यायचं. त्यातला एक अर्ज असा: फाटकाजवळच्या भिंतीवर लोक लघवी करतात, वास येतो, बंदोबस्त व्हावा. यावर उपाय ठरलेला होता. भिंतीवर ओळीने देव काढायचे. मी पेंटरला बोलावलं.

त्याने भिंत पाहिली, नाकाला रुमाल लावला. “देव कुनाकुनाचं काढू, सायेब? एकाचा काढला की दुसऱ्याचा ऱ्हातो. आन देवानं तरी हितं का उभं ऱ्हायाचं?”

“मग काय काढणार?”

“डबा. जेवनाचा. भाकरीम्होरं असलं काई कोन न्हाई करनार.”

त्याने डबा काढला. दोन पुरुष उंच, तीन पुडांचा, उघडून मांडलेला. एका पुडात भाकऱ्या, दुसऱ्यात ठेचा आणि फोडलेला कांदा, तिसऱ्यात भाजी. रंग कारखान्यातले, मशिनरीला देऊन उरलेले: डब्याला राखाडी, ठेच्याला लाल आणि भाजीला लेथ मशीनचा हिरवा. ती मेथी होती. पहिल्या दिवशी कामगार घोळका करून उभे राहिले. कोणीतरी ओरडलं, “पेंटर, मीठ राह्यलं की!” त्याने मुकाट्याने शिडी लावून एका कोपऱ्यात चिमूटभर मीठ काढलं. ते चिमूटभर म्हणजे पोतंभर होतं.

भिंत कोरडी झाली. पण खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असायची. शुक्रवारी सकाळी पहिली पाळी आली, तर मेथी जाऊन पिठलं आलेलं.

“हे काय?” मी विचारलं.

“रोज एकच भाजी कोन खातंय, राव?”

तेव्हापासून दर गुरुवारी तो भाजी बदलायचा. बाकी डब्याला हात लावायचा नाही. शुक्रवारी बस फाटकाशी आली, की पेंगणारी डोकी खिडकीकडे वळायची. “डाळ आलीया, डाळ!” “आयला, पुन्हा पिठलं?” सुपरवायझर आणि हेल्पर एका विषयावर बोलताना मी फक्त शुक्रवारी पाहिले. आणि त्याचा एक नियम होता: बुधवारी त्याच्या स्वतःच्या डब्यात जी भाजी आली असेल, तीच भिंतीवर चढायची.

या नियमाने एक घोटाळा केला. त्याची बायको काळेवाडीच्या चाळीत वांग्यांच्या भाजीसाठी नावाजलेली होती, आणि कारखान्यात जांभळा रंग नव्हता. निळाही नव्हता, की मिसळून करावा. लालात काळा घालून पाहिलं. वांगी सडल्यासारखी दिसली, त्याने ती दुपारीच पुसली. वांग्याचा बुधवार आला, की भिंतीवर आधीच्या आठवड्याचीच भाजी राहायची. “घरवाली बोलती,” तो मला म्हणाला, “सारखी मेथी न् पिठलं काढता, लोकांला वाटंल हिला दुसरं काई येतच न्हाई.” मी स्टोअरला निळ्या रंगासाठी तीन चिठ्ठ्या पाठवल्या. कुठलंच मशीन निळं नसल्याने त्या परत आल्या.

मग नव्या शेडच्या उद्घाटनाला दिल्लीहून एक पाहुणे येणार असं ठरलं. शुक्रवारी, सकाळी दहाला. आमचे मॅनेजरसाहेब फाटकापाशी आले आणि त्यांना पहिल्यांदाच डबा दिसला.

“हे काय उपाशी लोकांसारखं? चुना मारा याला. वर सुस्वागतम् लिहा, भोवती वेलबुट्टी.”

पेंटरने मान कलती केली. “पाव्हना येतोय न्हवं, सायेब? मग डबा नको?”

“चुना,” मॅनेजर म्हणाले.

ते गेल्यावर पेंटर माझ्या टेबलाशी आला. “दुसरी भिंत मिळंल,” तो म्हणाला. “पर शुक्रवारी हितं येऊन लोक बघत्यात. वाट बघत्यात. ते कुटं मिळनार?” मी त्याला सुस्वागतम्‌साठी आलेले रंगाचे दोन नवे डबे दिले, स्टोअरच्या सहीसकट. एक किरमिजी. एक निळा. त्याने झाकणं उघडून आत पाहिलं.

बुधवारी त्याच्या डब्यात काय होतं, हे तुम्ही ओळखलं असेल.

शुक्रवारी सकाळी धुकं होतं. बस थांबली आणि कोणी ओरडलंच नाही. चुना नव्हता, वेलबुट्टी नव्हती. धुक्यात सात वांगी होती, म्हशीच्या रेडकाएवढी एकेक, काळपट जांभळी, पोटं फाकलेली, आत मसाला आणि प्रत्येकाच्या पाठीवर पहाटेचा उजेड काढलेला. मी रस्त्यापलीकडे टपरीपाशी गेलो. तिथे पेंटर होता आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको. ती कितीतरी वेळ पाहत होती. मग म्हणाली, “मसाला जरा कमीच घातलाय तुमी.”

“वल्ला हाय अजून,” तो म्हणाला. “जातो, घालतो.”

पण तेवढ्यात मॅनेजर आले. चुन्याला आता वेळ नव्हता. मांडववाल्याकडून लाल मखमली पडदा आणून भिंत झाकली. वारा होता, पडदा फडफडत होता, म्हणून त्याला वरून एक सोनेरी दोरी बांधली.

पाहुणे दहाऐवजी साडेअकराला आले. गाडीतून उतरले, हार घेतला, चार पावलं चालले आणि त्यांना मखमली पडदा व सोनेरी दोरी दिसली. अशा माणसांचे हात सरावलेले असतात. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी दोरी ओढली.

पडदा पडला. सात वांगी. टाळ्या आपोआप वाजल्या, कारण आमचेही हात सरावलेले होते. पाहुण्यांनी क्षणभर वर पाहिलं आणि श्रमिकांच्या सकस आहारावर दहा मिनिटं बोलले. त्यांच्या शेजारी मॅनेजर मान डोलावत होते. टपरीपाशी पेंटर बायकोला म्हणाला, “ऱ्हायला डबा.”

डबा राहिला. पाच दिवसांत त्याच्याखाली संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर पाहुण्यांचं, मॅनेजरांचं आणि मांडववाल्याचंही नाव होतं. गुरुवारी पेंटर शिडी घेऊन आला, तर वॉचमनने अडवलं.

“भाजी बदलायचीय,” पेंटर म्हणाला.

“न्हाई जमायचं, भावा. अनावरण झालंय त्याचं. आहे तशीच ठेवायची, लेखी ऑर्डर हाय.”

त्या दिवशी सुट्टी असून मीही आलो होतो; मी ऑर्डर पाहिली. खरोखरच लेखी होती. मी मॅनेजरांना घरी जाऊन भेटलो. ते म्हणाले, आता बदल केला तर पाहुण्यांचा अवमान होईल. पेंटर रस्ता ओलांडून गेला, चहा मागवला, आणि त्या दिवशी चहा संपल्यावरही मान कलती करून उभा राहिला. मग शिडी खांद्यावर घेऊन निघाला. “काळवंडत्याल ती वांगी,” एवढंच म्हणाला. तो परत आला नाही.

दोनेक वर्षांनी मी चाकणला निघालो होतो. एसटीच्या खिडकीतून, मळ्यांपलीकडे एका चाळीच्या भिंतीवर बैलगाडीएवढा कांदा दिसला. जांभळा, अर्धा सोललेला, सालीतून ऊन आरपार आल्यासारखा. डोळे चोळेपर्यंत तो मागे गेला. महिन्याने पुन्हा त्याच रस्त्याने गेलो, तर कांदा चिरलेला होता. त्यानंतरच्या खेपेला त्या जागी बटाटा होता. उतरून जावं असं दर वेळी वाटलं. एसटीला तिथे थांबा नव्हता.

इकडे शुक्रवारी बसमधली डोकी खिडकीकडे वळायची हळूहळू थांबली. वांगी काळी पडली. त्या पावसाळ्यानंतर माझ्या टेबलावर एक अर्ज आला: फाटकाजवळच्या भिंतीवर, संगमरवरी पाटीच्या बरोबर खाली, लोक लघवी करतात, वास येतो, बंदोबस्त व्हावा.

मी तो जुन्याच फाइलला लावला.