एकशे बाराव्या फ्रेममधला हात

भूतखेत, संकेत असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते आकड्यांसकट सांगतो... पुढे तुम्हीच ठरवा.

मी उज्जैनचा. घर नानाखेड्यात, छोटंसं ऑफिस फ्रीगंजमध्ये. बिल्डरांच्या अजून न बांधलेल्या घरांच्या थ्रीडी फिल्म बनवतो. गेल्या वर्षी माझी बायको सुनीता गेली. तिचा एकही व्हिडिओ आमच्याकडे नाही. फोटो काढतानाही मी ओरडायचो, "हलू नकोस!" हललेले फोटो जागच्या जागी डिलीट करायचो.

म्हणून मुलीसाठी, मुक्तासाठी, मी कॉम्प्युटरवर आमच्या घराचं दार उभं केलं आणि फोटोंवरून दारात सुनीता. दहा सेकंद, २४० फ्रेम. तिला हलवलं नाही – चुकीची हलली असती तर सहन झालं नसतं. फक्त मागे हॉलमधला पंखा फिरता ठेवला.

थोडं समजावतो. प्रत्येक फ्रेमला कॉम्प्युटरमधल्या काल्पनिक कॅमेऱ्याचं शटर १/४८ सेकंद उघडं असतं. कॉम्प्युटर प्रत्येक पिक्सेलमागे २५६ किरण सोडतो, प्रत्येक किरण त्या अवधीतल्या वेगळ्या क्षणी. सगळ्यांची सरासरी काढली की हलणारी वस्तू पुसट उमटते, स्थिर वस्तू स्वच्छ. यात चमत्काराला जागा नाही.

रविवारी दुपारी इंदूरहून आलेली मुक्ता ते बघत होती.

"बाबा, रुको... मागे घ्या. आईचा हात!"

११२वी फ्रेम. पंख्याची पाती पुसट, ते बरोबर. पण सुनीताचा उजवा हातही मनगटापासून पुसट. बाहेरच्या दिशेने अकरा पिक्सेलचा फराटा. आधीची आणि नंतरची फ्रेम स्वच्छ.

"एरर आहे," मी म्हणालो आणि तेवढी एक फ्रेम पुन्हा रेंडरला लावली, म्हणजे कॉम्प्युटरकडून नव्याने काढून घेतली. वीस मिनिटांत हात स्वच्छ आला. "घे, झालं दुरुस्त."

मुक्ता स्क्रीनकडेच बघत होती.

"मी इंदूरला निघाले की आई अस्साच हात झटकायची. 'निघ गं, बस सुटेल.' रडू यायच्या आत..." मग हळूच, "बाबा, आधीची कुठंय?"

आधीची नव्हती. त्याच नावावर नवी चढली होती, जुनी पुसली गेली होती.

त्यानंतर मी सगळं तपासलं. हाताला कुठेही हालचाल दिलेली नाही. तीच फाइल, त्याच सेटिंग. तीच फ्रेम त्रेसष्ट वेळा काढली, हात स्थिर. डेटा रिकव्हरीवाल्यालाही जुनी मिळाली नाही. ऑफिसमधले मिश्राजी म्हणाले, "अरे भाईसाब, फाइल करप्ट हुई होगी." पण करप्ट फाइलमध्ये ठिपके येतात, पट्टे येतात. नुसता एक हात हलत नाही. याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मुक्ता बॅग घेऊन दारात आली. तिची बस साडेसहाची होती. 'निघ गं' म्हणायला आता घरात मीच उरलो होतो.

मी म्हणालो, "थांब ना... ती फ्रेम अजून एकदा लावून बघू."