तुमच्या वहिनीची पाटी

परळची खोली सोडली त्या सकाळी सगळं सामान टेम्पोत चढलं होतं आणि तुमची वहिनी दाराची पाटी उचकटत बसली होती. पत्र्याची पाटी, 'घरगुती जेवण मिळेल'. मी म्हटलं, "हैदराबादेत कोण येणार आहे तुझं जेवायला?" ती म्हणाली, "तुमच्या सामानाला मी नावं ठेवली का? गप टेम्पोत बसा." पाटी तिने मांडीवर घेतली.

भोईवाड्यात राहिलेल्यांनो आणि विरार-कल्याणला पांगलेल्यांनो, ती पाटी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणी संपात माझा पगार थांबला तेव्हा तिनेच रंगवली. चौथी शिकलेली बाई. शेवटच्या 'ल'ला जागा उरली नाही, तो खाली घसरला, त्याचा रंग ओघळला. ओल्या रंगात तिचा अंगठा उमटला. मी हसलो होतो. गिरणीने मला परत घेतलं नाही. जवळच्या हॉस्पिटलात पेशंटबरोबर आलेली गावची माणसं त्या पाटीकडे बघून जेवायला यायची. त्यांच्यावर आमचं घर चाललं. त्यांचं भलं होवो.

मागच्या दिवाळीआधी ती गेली. फोटो आहेत, पण तिच्या हातचं अक्षर एवढंच. आणि पत्रा गंजतोय. हात लावला की रंग बोटाला येतो.

आमची रेखा इथे ॲनिमेशनच्या कंपनीत आहे. तिला कॉम्प्युटरवर गिरणगावची चाळ उभी करायची होती. म्हणाली, "बाबा, एका दाराला आईची पाटी लावू. पण अक्षरं सोडवून द्या मला." म्हणजे पाटीचा फोटो काढायचा, अक्षरांमागचा पत्रा माउसने खोडायचा. नुसती अक्षरं उरली की ती दारावर बसवायची, स्टिकरसारखी. त्याला डेकल म्हणतात. तुमची वहिनी गेल्यापासून मला पहिल्यांदा काम मिळालं.

मी फोल्डिंग खात्यातला माणूस. वीस वर्षं कापडाच्या ताग्यांच्या टोकाला गिरणीचा छाप मारला. छाप फिसकटला की जॉबर, आमचा मुकादम, आईबहिणीवर यायचा. ती सवय हातात. चार दिवस बसून मी ओघळ पुसला, अंगठा पुसला, 'ल' उचलून ओळीत बसवला. रेखाने अक्षरं दाराला लावली. म्हणाली, "बाबा, हा बँकेचा बोर्ड झाला."

खरं होतं. अक्षरं राहिली होती, बाई पुसली होती. मला जेवण गेलं नाही.

पोरीने मूळ फोटो वेगळा ठेवला होता. ओरडली नाही, स्वतः करायलाही बसली नाही. "पहिल्यापासून करा. मी थांबते," म्हणाली. हे उपकार मी विसरणार नाही. या खेपेला पत्रा तेवढा खोडला. अंगठ्याच्या रेघा स्क्रीनवर मोठ्या करून एकेक सोडवल्या. आठवडा गेला. चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, अंगठा एवढा जवळून कधी बघितला नव्हता.

काल दार पूर्ण झालं. मी विचारलं, "उघडतं का?"

"नाही बाबा. आत काही केलेलंच नाही. नुसतं पुढून दिसतं."

असू दे. परळच्या खोलीच्या जागी टॉवर आहे म्हणतात, मला बघायचा नाही. इथे पोरगी गरम वाढते, माझं बरं चाललंय. आणि दाराला पाटी आहे म्हणजे आत कोणीतरी चुलीशी आहे. मला तेवढं घर पुरतं.