पुढच्या सीटवरची आई

आमच्या जुन्या गाडीला जेवढे ओरखडे आहेत, ते सगळे डाव्या बाजूला आहेत. मागच्या दारावर दोन, बंपरच्या कोपऱ्यावर एक आणि आरशाखाली एक लांबलचक, गोठ्याच्या पत्र्याचा हिरवा रंग घेऊन आलेला. उजवी बाजू मात्र कालच शोरूममधून आणल्यासारखी. मी सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट हातात घेऊन खोट शोधायची, त्याचाच मला पगार मिळतो. तरी हे ओरखडे मी रोज बघत होतो आणि गोठ्याचा बोळ अरुंद आहे म्हणून सोडून देत होतो. त्याच बोळातून मीही गाडी काढायचो आणि मला एकदाही ओरखडा पडला नव्हता, हा हिशेब मी सोयीने टाळला होता.

आमची वस्ती हिवरे बाजारच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. गाडी एकच आणि चालवणारे दोघं, मी आणि दादा. दादा म्हणजे माझे वडील, वय बहात्तर. मी गाडी शिफ्टला नेली नसली की डेअरी, बाजार, दवाखाना, लग्नकार्य, सगळीकडे दादा गाडी घेऊन जायचे, आई बरोबर असायचीच. आयुष्यभर त्यांनी ट्रॅक्टर, जीप, टेम्पो असं जे हाताला येईल ते चालवलं, आणि त्याचा त्यांना ताठा होता. आता जूनपासून त्यांच्याकडे आणखी एक काम येणार होतं. माझी नऊ वर्षांची लेक नगरच्या शाळेत जाणार होती. शाळेची बस वस्तीपर्यंत येत नाही, तेव्हा पोरीला रोज मी सोडीन, असं दादांनी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. लेक तर तेव्हापासून हवेतच होती.

आणि मला हवी होती स्पोर्ट्स सेडान. बायको म्हणायची, कांद्याच्या गोण्या टाकायला छान आहे हो डिकी. म्हणू दे. पंचेचाळिशीच्या माणसाने एकदा तरी गरज नसलेली वस्तू घ्यावी, असं माझं मत होतं. नवी गाडी मला, जुनी कायमची दादांना, पोरीची सोय झाली, असं सगळं चपखल बसत होतं. फक्त ते डाव्या बाजूचे ओरखडे मनात कुसळासारखे टोचत होते.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला मी दादांना आणि आईला बरोबर घेतलं. गाडी बघायची होतीच, पण त्याहून जास्त दादांना बघायचं होतं. अनोळखी गाडी हातात दिली की माणसाचं खरं चालवणं कळतं. पोरीला रोज त्यांच्या शेजारी बसवायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी बायकोलाही बोलून दाखवला नव्हता. स्वतःच्या बापाची अशी लपूनछपून परीक्षा घ्यायला निघालोय याची लाज वाटत होती.

नगरच्या शोरूमपर्यंत जुनी गाडी मी नेली. आई नेहमीसारखी पुढे बसली. मागे बसलं की तिला मळमळतं, असं ती दोन-तीन वर्षांपासून सांगायची. मी चालवत असलो की पाच मिनिटांत तिची मान कलते. दादा चालवायला बसले की मात्र तिचं तोंड बंद होत नाही. डावीकडं म्हैस आली, सायकल आली, ट्रॉली उभी हाय, हळू घ्या. आम्ही सगळे तिला हसायचो. पन्नास वर्षं संसार केला तरी नवऱ्यावर भरवसा नाही, म्हणून मीच जास्त चेष्टा करायचो. दादा कधी हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. माझ्यासारख्या तापट माणसाला त्याचं नवल वाटायचं.

शोरूममधल्या मॅडमनी माझं आणि दादांचं लायसन घेतलं, झेरॉक्स काढल्या आणि आम्हाला गाडीपाशी नेलं. लाल रंग, आणि जमिनीला टेकायला आलेली. आत बसायचं म्हणजे बसायचं नाही, उतरायचं. आमच्या गाडीत आपण वर चढून बसतो, समोर ही एवढी काच, बाजूच्या काचाही मोठ्या, बांधावरचं शेळीचं करडूसुद्धा दिसतं. इथे सीटने कमरेला दोन्हीकडून धरलं आणि काचा बघितल्या तर बोटभर. आमच्या गाडीचं डावं दार खांदा लावल्याशिवाय लागत नाही. हे दार बोटाने ढकललं तरी 'थप' करून बसलं. आमच्या गाडीला आतून कांद्याचा, पेंडीचा आणि आईच्या बामचा वास. हिला नव्या बुटांचा.

मॅडम माझ्या शेजारी पुढे बसल्या, आई-दादा मागे. पुणे रस्त्याला लागून मी पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. आमची गाडी घाटात तिसऱ्या गिअरला थरथरते, स्टिअरिंग धरून हात बधिर होतात. ही नुसती मनात आणायचा अवकाश, पुढे. मी मूर्खासारखा हसत होतो. खोटं कशाला बोलू, दोन-चार किलोमीटर मी दादांना, ओरखड्यांना, पोरीलासुद्धा विसरलो.

पुढे दुभाजकात फट आली तिथून गाडी वळवून मी कडेला घेतली. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हीही चालवून बघा ना."

दादांनी आईकडे बघितलं. मग म्हणाले, "बघू की."

आई लगेच दार उघडून खाली उतरली. "मी फुडं बसते."

"काकू, तुम्ही मागेच आरामात बसा," मॅडम म्हणाल्या. "काकांना सगळी फीचर्स दाखवायचीत मला."

"न्हाई वो ताई. मला मागं मळमळतं."

"आत्ता येताना कुठं मळमळलं?" मी म्हणालो. "आई, बस ना मागं. लोकांसमोर हट्ट कशाला?"

हे मीच म्हणालो. आई माझ्याकडे बघत क्षणभर रस्त्यावरच उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण परक्या बाईसमोर ती बोलली नाही. मागे डाव्या बाजूला बसली आणि पदर खोचला. मी तिच्या शेजारी, दादांच्या मागे.

दादांनी गाडी हळूच काढली. गाडी बिनगिअरची, पण ते गांगरले नाहीत. हात स्टिअरिंगवर अगदी मोकळे. मॅडमनी कौतुक केलं. मला हायसं वाटलं. उगीच शंका घेतली, म्हातारा अजून आपल्याला शिकवील, असं मनात म्हणालो. मग लक्षात आलं की गाडी दुभाजकाच्या फार जवळून चालली आहे. डावीकडे अख्खी लेन मोकळी आणि आम्ही उजव्या कडेला घासून. दादा मधेच मान डावीकडे इतकी वळवत की समोरचं सुटत असावं, मग झटक्यात सरळ.

"डावीकडं पिकअप हाय," आई म्हणाली.

मॅडम हसल्या. "काकू, सेन्सर आहेत गाडीला." आणि साउंड सिस्टिम ऐकवायची म्हणून त्यांनी गाणं लावलं. सीटखालून ढोल घुमायला लागले.

आई पुढच्या सीटच्या उंच पाठीमागून, त्या बोटभर काचेतून बाहेर बघायची धडपड करत होती. कधी खाली वाकून, कधी मान लांब करून. तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिने ते घट्ट आवळलं. मी म्हणालो, "आई, काय झालं?" ती सारखी बोलत होती, पण गाण्यात माझ्यापर्यंतच येत नव्हतं, तर पुढे काय जाणार?

पुढे एक ट्रक रेंगाळत होता. दादांनी डावीकडून काढायची म्हणून गाडी वळवली. त्याच कडेने उलट दिशेने एक मोटारसायकल येत होती, दुधाचे कॅन लावलेली, मागे एक बाई. मला ती सरळ दिसली. मॅडमना दिसली, त्यांनी डॅशबोर्ड धरला. दादा तिच्यावरच चालले होते. वेग जरासुद्धा कमी होत नव्हता, आरशात दिसणाऱ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"डावीकडं! अवं डावीकडं!" आई दोन सीटांच्या मधून पुढे झेपावली आणि तिने दादांच्या खांद्यावर जोरात थाप मारली.

गाडी जागच्या जागी थांबली. मोटारसायकल खडीवर उतरली, डगमगली आणि सावरली. एक कॅन निसटून गडगडत गेला. दुधाचा पांढरा ओघळ मातीत शिरला. तो माणूस आम्हाला शिव्या देऊ लागला. मागची बाई पोटाशी काहीतरी धरून बसली होती. नीट बघितलं तर ते लहान लेकरू होतं, आणि ते झोपलेलंच होतं.

मॅडमनी गाणं बंद केलं. मग म्हणाल्या, "काका, तुमची काही चूक नाही. तो राँग साइडने आला."

मला ते मान्य करायचं होतं. फार मान्य करायचं होतं. पण आईचा हात अजून दादांच्या डाव्या खांद्यावर होता, आणि माझ्या डोक्यात तिची सगळी बडबड उलटी फिरायला लागली. डावीकडं म्हैस. डावीकडं सायकल. डावीकडं ट्रॉली. इतक्या वर्षांत तिने एकदाही उजवीकडचं काही सांगितलं नव्हतं. आणि ओरखडे? मागच्या दिवाळीनंतर आई महिनाभर कोपरगावला माझ्या बहिणीकडे राहिली होती. ते चारही ओरखडे त्या महिन्यातले होते.

मी खाली उतरून दुधाचे पैसे दिले, हात जोडले. शोरूमपर्यंत गाडी मीच आणली. मॅडमनी लायसनं परत केली. बुकिंगचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

आमच्या गाडीपाशी आल्यावर मात्र माझा बांध फुटला. "किती दिवसांपासून?"

आई म्हणाली, "तीन वर्सं झाली. मोतीबिंदू दाखवाया गेल्तो तवा डाक्टर म्हनले, डावा डोळा काचबिंदूनं गेलाय, उजव्यालाबी डाव्या कडंचं दिसत न्हाई. त्यो काय परत येत न्हाई."

"आणि मला सांगितलं नाही? पोरीला घेऊन रोज हायवेने जाणार होते हे?" मी ओरडलो. पार्किंगमधली माणसं बघायला लागली. "तिला काही झालं असतं तर?"

"मी बसनार हुते की फुडं," आई म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. "रोज जानार हुते तिच्यासंगं. सैपाक पहाटं उरकायचं ठरवलं हुतं मी."

तिचा राग येत होता, आणि तो एक महिना सोडला तर तीन वर्षं दुसऱ्याचा डोळा होऊन बसलेल्या या बाईला मी मागे बसवलं, याने जीव जळत होता. तिला आम्ही हसत होतो. दिवसभर खोट शोधणारा मी, माझ्या घरातली एवढी मोठी गोष्ट मला दिसली नव्हती.

दादांनी लायसन एकदा उलटंपालटं करून बघितलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातलं.

"तिला बोलू नगंस," ते म्हणाले. "मीच म्हनलो हुतो, सांगू नगं. गाडी गेली की मी नुसता वस्तीवर बसून ऱ्हायलो असतो." मग म्हणाले, "ते लेकरू मला दिसलं न्हाई. बाई दिसली न्हाई, गाडीबी न्हाई. मला तिथं नुसता मोकळा रस्ता दिसत हुता."

सेडान आम्ही घेतली नाही. जूनपासून पोरीला मी सोडतो, त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली. बायकोने अजून एकदाही टोमणा मारलेला नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल बघा.

पण त्या दिवसाचं परत येणं सांगायचं राहिलं. मी स्टिअरिंगवर बसलो. आई सवयीने पुढच्या दाराकडे गेली, थांबली, आणि मागे जाऊन बसली. दादा तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डावीकडे बसले. त्यांना दार लागेना. मी वाकून ओढून घेतलं. नगर मागे पडलं, कांद्याचे पिकअप मार्केट यार्डाकडे येताना दिसायला लागले. मी चालवत असलो की आई झोपते. त्या दिवशी ती जागी होती, आमच्या गाडीच्या मोठ्या काचेतून बाहेर बघत होती, पण बोलत नव्हती. आता सांगायचं कुणासाठी?

बऱ्याच वेळाने दादांनी समोरच बघत विचारलं, "काय चाललंय गं डावीकडं?"

आई पदराने नाक पुसून म्हणाली, "मेंढरं हायेत. लई मोठा कळप हाय. बांधाबांधानं चाललीत. म्होरं एक घोडं हाय, त्याच्यावर बाजलं बांधलंय, बाजल्यावर कोंबड्या."

"मेंढरं किती?"

"थांबा, मोजते."

मी गाडीचा वेग कमी केला, तिला मोजता यावं म्हणून.